पलंगाखालची कांदाचाळ

मे महिन्यात तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणीचा भाव ऐकला की आपल्या कोपऱ्यावरचा भाजीवाला एकदम दरोडेखोर वाटायला लागतो. बिल्डिंगीतल्या चार घरांनी मिळून 50 किलोची एक गोणी घ्यायची ठरलं. मी रिक्षात घालून आणली, आणि एक घर ऐनवेळी फिरलं. दुसरे म्हणाले, "आम्ही दोघंच हो, दोन किलो पुरेत." तिसऱ्या काकूंनी तेवढे दहा किलो नेले. उरलेले 38 किलो आमच्या वाशीतल्या दोन खोल्यांत. बायको काही बोलली नाही. ते जास्त लागतं.

आत्या निफाडची, तिला फोन केला. "डब्यात भरून ठेवायला कांदा काय तांदूळ आहे का रे? जिवंत असतो तो, श्वास घेतो. आधी निवडून काढ." मग फोनवरच निवड सुरू झाली. मधून फुलाचा दांडा आलेले ते डेंगळे, ते आधी संपव. जोडकांदे लगेच खा. मान जाड नि ओलसर असेल तर बाजूला काढ. मान सुकून सुतळीसारखी पिळलेली आणि अंगावर कोरडी करकरीत पत्ती, तोच ठेवायचा. वर्तमानपत्रं पसरून मी एका रविवारी 38 किलो माना तपासल्या.

हा उन्हाळी कांदा, म्हणून एवढा खटाटोप. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकतच नाही, तो कोणी साठवत नाही. शेतकऱ्याच्या कांदाचाळीत साठवलेला जुना सरत आलेला आणि नवा अजून यायचा, त्या मधल्या दिवसांत भाव भडकतो. 1998 साली दिल्लीच्या निवडणुकीत याच भावाने सत्ताधाऱ्यांना रडवलं होतं. आमची उडी नवरात्रापर्यंत पुरवायची, एवढीच.

शेतकऱ्याची कांदाचाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून वारा खेळतो, बाजूंना फटी असतात. आमच्याकडे पलंगाखाली प्लास्टिकचे क्रेट उलटे टाकले, वर बारदान, त्यावर कांद्यांचे दोन थर, आणि समोर टेबलफॅन. बटाट्यांची दुसऱ्या खोलीत बदली केली, कारण बटाटा स्वतःचा ओलावा सोडतो नि कांदा तो पितो. पहिल्याच रात्री बायको बोलली. "अहो, मला इथे उकडतंय आणि पंखा कांद्यांना?"

चिरंजीव म्हणाले, फ्रिजमध्ये टाका. पण कांद्याचा स्वभाव विचित्र. त्याला एक तर शून्य अंशाच्या आसपासचा कडक गारवा हवा, नाहीतर 25-30 अंशांची सुकी ऊब. मधलं हवामान मिळालं की स्वारी जागी होऊन कोंब काढते, आणि घरचा फ्रिज नेमका मधला, वर ओलाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प आहे, 2002 पासूनचा. तिथे गॅमा किरण देऊन कांद्याचा कोंबच थोपवतात. केंद्र आमच्या खाडीपलीकडेच आहे, पण पलंगाखालच्या मालासाठी कोणत्या तोंडाने जाणार?

जून लागला, खाडीवरचा दमट वारा घरात शिरला. एका सकाळी वास आला. आम्ही आधी मेलेला उंदीर शोधला. मग बारदानाच्या कोपऱ्यात एक कांदा सापडला, वरून अगदी धडधाकट, गुलाबी. मानेवर अंगठा टेकवला तर तो सरळ आत गेला आणि पांढरट पाणी मनगटापर्यंत ओघळलं. चिलटं उठली. त्याला टेकलेले तिघे ओले झाले होते. पलीकडच्या काहींवर पत्तीखाली काजळी धरलेली, तव्याच्या बुडासारखी. ती पत्ती काढली की आत बहुतेक ठीक निघायचे, न निघाले तर टाकायचे.

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा. गस्तच ती. शंका आलेले दुसऱ्या दिवशी कामी यायचे. उभे चिरून तांबूस तळलेले बरणीत गेले, काहींचं खोबऱ्याबरोबर भाजून वाटण झालं आणि त्याच्या वड्या फ्रीझरमध्ये. अगदी कडेच्या एकाला कोंब फुटला होता, आणि तो पलंगाखालच्या अंधारातून खिडकीच्या दिशेने वाकला होता. त्याला चिरवेना. कुंडीत खोचला, तर पंधरा दिवसांत झुणक्यापुरती पात दिली बेट्याने.

आषाढात कांदेनवमीला खेकडा भजी केली, थालीपीठं केली, आणि पहिल्यांदाच बारदानाचा थोडा भाग मोकळा दिसला. संध्याकाळी बेल वाजली. दारात त्याच काकू, हातात प्लास्टिकची गच्च बांधलेली पिशवी.

"एकादशीपासून आमच्याकडे चार महिने बंद. सहा-सात किलो उरलेत. तुम्हाला छान जमतं ना ठेवायला, दादा."

पिशवीला आतून घाम फुटला होता. बायको काही बोलली नाही. मी गाठ सोडली आणि टेबलफॅन जरा डावीकडे वळवला.