निवेदिकेचा परिचय आणि माझा सीव्ही

‘वयाच्या अवघ्या पाचव्या वर्षी पायात घुंगरू बांधलेल्या...’

माझ्या सीव्हीचं पहिलं वाक्य हे होतं. वय वर्षं चौतीस, आणि मुंबईतल्या एका मोठ्या नृत्यनाट्यासाठी कथक येणारे नर्तक हवेत असं कळल्यावर मी जे पाठवलं त्याची सुरुवात अशी. त्याआधी दोन ठिकाणी हाच मजकूर गेला होता. तिन्हीकडून काही नाही. ‘मेल मिळाला’ एवढंसुद्धा नाही.

तो मुळात सीव्ही नव्हताच, परिचय होता. आपल्याकडे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आयोजकांचा मेसेज येतो, ‘ताई, परिचय पाठवा, निवेदिकेला द्यायचाय.’ तो वाचला जातो तेव्हा आपण विंगेत घुंगरांची गाठ पुन्हा एकदा ओढत असतो आणि स्टेजवर तबल्यावर हातोडी चालू असते. तबला लागेपर्यंत निवेदिकेला वेळ भरून काढायचा असतो. त्यामुळे परिचय जितका लांब तितका सगळ्यांच्या सोयीचा. माझा दर वर्षी चार ओळींनी वाढत गेला आणि चार पानांचा झाला. त्यात ‘देशविदेशांत असंख्य कार्यक्रम’ होते. विदेश म्हणजे दुबईतल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, एकदा.

पहिली मदत मागितली ती शाळेतल्या मैत्रिणीकडे. ती हिंजवडीत एचआरमध्ये आहे, दिवसाला शेकड्यांनी सीव्ही बघते. तिनं रविवारची दुपार घालवून दोन पानं बनवून दिली. डावीकडे निळा पट्टा, वर ‘ऑब्जेक्टिव्ह’, खाली मी टीम प्लेअर असल्याचं आणि डेडलाइन पाळत असल्याचं. कौशल्यांसमोर तारे होते. कथक : पाचपैकी साडेचार. उरलेला अर्धा तारा कुठे कापला गेला ते तिलाच माहीत. बिचारीनं मनापासून केलं होतं, म्हणून मी ते जपून ठेवलं. पाठवलं मात्र कुठेच नाही.

खरं काम सुरू झालं ते बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात. नाटकांची निर्मिती सांभाळणारी एक मैत्रीण तिथे भेटली. तिनं माझी चार पानं मोबाइलवर उघडली, अंगठ्यानं भराभर वर सरकवली आणि विचारलं, “उंची किती तुझी?”

“पाच तीन. का?”

“गटात नाचतेस का फक्त एकटी? नोव्हेंबर ते जानेवारी मोकळी आहेस का? दिवसाला सहा तास तालीम झेपेल? कथक सोडून अजून काय येतं?”

मी उत्तरं देत गेले. ती म्हणाली, “यातलं एक तरी या चार पानांत आहे का, दाखव. तू महान आहेस का ते मला नकोय गं. तुला तिसऱ्या रांगेत उभं केलं तर रांगेत बसशील का, एवढंच हवंय. आणि ते पहिल्या अर्ध्या पानात.”

राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी आले, कपाटातून प्रमाणपत्रांची फाइल काढली आणि सगळे कागद फरशीवर मांडले. सर्वांत मोठा ढीग पुरस्कारांचा. रत्न, शिरोमणी, कौस्तुभ, सगळं होतं. नर्तकांना हे माहीतच असतं : प्रवेश शुल्क भरायचं, ट्रॉफीचे वेगळे, आणि आलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळतं. असे अकरा निघाले. अकराही काढून टाकले. आईला वाईट वाटलं, कारण त्यातल्या नऊ ट्रॉफ्या तिनं शोकेसमध्ये लावल्या आहेत.

मग दिसलं की खरोखर मोलाच्या दोन गोष्टी तिसऱ्या पानाच्या तळाशी गाडल्या गेल्या होत्या. एक, केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. १८ ते २५ या वयात ती मिळते, दोन वर्षं, महिना पाच हजार रुपये, आणि त्यासाठी तज्ज्ञांपुढे नाचून दाखवावं लागतं. दुसरी, दूरदर्शनची श्रेणी. तीही परीक्षा देऊनच मिळते. दोन्ही वर आणल्या, प्रत्येकी एका ओळीत, वर्षासकट.

शिक्षणाची ओळ मला सर्वांत सोपी वाटली होती. ‘विशारद, गांधर्व महाविद्यालय मंडळ’ लिहिलं की आपल्याला कळतं. पण नृत्यनाट्याचा दिग्दर्शक अभिनयाच्या शाळेतून आलेला असेल तर त्याला प्रवेशिका काय आणि मध्यमा काय? मी लिहिलं : ‘कथक विशारद पूर्ण, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ (प्रारंभिकपासून सातवी परीक्षा, लेखी आणि प्रात्यक्षिक)’. त्याखाली ताल लिहिले. ‘त्रिताल, झपताल, धमार, रूपक’ एवढेच, कारण या चारांत मी कधीही उठवलं तरी नाचू शकते. पंचम सवारी बसवली होती एकदा, परीक्षेपुरती. पंधरा मात्रांतली ती तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणारा तुकडा, आज कुणी मागितली तर माझी पंचाईत होईल. म्हणून सवारी बाहेर.

कार्यक्रमांच्या यादीनं दोन रात्री खाल्ल्या. आधी सरसकट ‘सादरीकरण’ असा शब्द होता, आणि या शब्दाची गंमत अशी की त्यात सोलोही मावतो आणि मागच्या रांगेत दिवा धरून उभं राहणंही. ‘खजुराहो नृत्य महोत्सवात सादरीकरण’ असं मी दहा वर्षं लिहीत आले. १९७५ पासून चालू असलेला महोत्सव आहे, नाव वाचूनच माणूस सरसावून बसतो. प्रत्यक्षात मी ताईंच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, गटातल्या बारा जणींपैकी एक होते. नवीन ओळ अशी झाली : ‘२०१४, खजुराहो नृत्य महोत्सव, समूह (१२ नर्तिका), रचना : गुरूंची’. लिहिताना हात जड झाला होता. निर्मितीवाल्या मैत्रिणीला पाठवलं तर तिचं उत्तर : ‘हेच हवं होतं. बारा जणींत नाचलेली आहे, म्हणजे अंतर राखून नाचता येतं.’ मी जे लपवत होते त्यालाच गिऱ्हाईक होतं.

मग प्रत्येक ओळीला तीच पट्टी लावली. वर्ष, काय नाचले, कुणाची रचना, एकटी की गटात, कुठे. पूर्ण दीड तासाचे एकल कार्यक्रम मोजले तर सहा भरले. ‘असंख्य’चे सहा! थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

एक नोंद माझ्या ध्यानातच नव्हती. तबल्याचे काका, ज्यांच्यासोबत मी कॉलेजपासून नाचते, त्यांना सहज कागद दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी वाचला.

“अगं, पढंत कुठंय?”

“माझी पढंत, काका? नाचाचे बोल तालात म्हणणं, ते तर नाचताना करतोच की सगळे.”

“तुझी नव्हे. बाकीच्यांसाठी करतेस ती. गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसून किती जणींना पढंत दिलीस? लेहऱ्याची धून धरणाऱ्याकडे बघत, पोरगी अर्धी मात्रा पुढे गेली तर बोल ओढून तिला समेवर आणतेस. नाचणाऱ्या पुष्कळ आहेत. हे करणारी मला दुसरी दाखव.”

मी ते काम मैत्रीखात्यात धरलं होतं. पैसेही कधी मागितले नव्हते. डायरीतून तारखा काढल्या तर चार वर्षांत चाळीसच्या वर कार्यक्रम निघाले. वेगळा मथळा दिला, ‘पढंत आणि तालीम-साहाय्य’.

ताईंना दाखवताना मात्र पोटात गोळा होता. परिचयात पहिल्या परिच्छेदात गुरूंचं नाव यायलाच हवं, हे आमच्या रक्तात आहे. नव्या कागदात ते सातव्या ओळीवर गेलं होतं, उंची आणि उपलब्ध तारखांच्या खाली. ताईंनी शांतपणे वाचलं आणि पेन मागितलं. म्हणाल्या, “माझं नाव तीनदा आलंय. एकदा पुरे. आणि ‘यांच्या कृपाशीर्वादाने’ हे काढ, तू बावीस वर्षं क्लासला वेळेवर आलीस ते लिही.” बावीस वर्षं लिहिलं. ‘वेळेवर’ लिहिलं नाही, ताईंना माझ्या पहिल्या दहा वर्षांचा विसर पडला असावा.

राहिला मधला खड्डा. २०१९ च्या पावसाळ्यात गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन झालं, आणि पायावर नीट उभी राहते तोवर मार्च २०२० उजाडला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या कागदात मी २०१८ वरून थेट २०२२ वर चक्करदार मारली होती. आता सरळ लिहिलं : ‘२०१९-२० : गुडघ्याची शस्त्रक्रिया, पूर्ण बरी. २०२०-२१ : ऑनलाइन वर्ग, २६ विद्यार्थिनी.’ त्या वर्गांत नेटमुळे आवाज मागे-पुढे व्हायचा, मी ‘ता थेई थेई तत्’ म्हणायचे आणि सव्वीस खिडक्यांत सव्वीस समा पडायच्या. शेवटी सगळ्यांचे आवाज बंद करून नुसते पाय बघत शिकवलं. त्यावर वेगळा लेख होईल.

व्हिडिओबद्दल फक्त एवढंच, कारण इथे सगळे चुकतात : माझा आधीचा व्हिडिओ एका हौशी मुलानं कापलेला होता, चेहरा, मुद्रा, उडणारा घेर, पुन्हा चेहरा. त्यात माझे पाय एकूण चार सेकंद दिसत होते. कथकच्या व्हिडिओत! नवा क्लासमध्ये काढला. स्टुलावर स्टूल, त्यावर मोबाइल आडवा, डोक्यापासून टाचेपर्यंत मी चौकटीत, काका तबल्यावर, दोन मिनिटं, मध्ये कुठे काप नाही. थाट (सुरुवातीची संथ, डौलदार उभी), एक परण (पखवाजाच्या बोलांची रचना), तत्कार (पायांचं काम) आणि तिहाई. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी समेच्या दोन मात्रा आधी आली. तेव्हापर्यंत सात वेळा नाचून झालं होतं, म्हणून शिट्टी तशीच ठेवली.

एक पान झालं. त्याच निर्मितीला पुन्हा पाठवलं, वर दोन ओळी : आधी पाठवलेलं बाजूला ठेवा, हे बघा. आठव्या दिवशी फोन आला. ऑडिशनला गोरेगावला गेले, चाळीस-पन्नास जणी होत्या, निम्म्याहून अधिक माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गटात नाचवलं, थांबवलं, जागा बदलून पुन्हा नाचवलं. मग नृत्यदिग्दर्शिकेनं कागदावर बोट ठेवून विचारलं, “ही पढंत म्हणजे काय, जरा करून दाखवाल?” तिच्याकडे कथक कधी न शिकलेले नट होते आणि त्यांना तालात चालायला शिकवणारं कुणी नव्हतं.

नर्तिका म्हणून दोनच प्रवेश मिळाले, दोन्ही मागच्या बाजूला. तालमीची साहाय्यक म्हणून मात्र पूर्ण तीन महिन्यांचा करार झाला. गुडघ्याबद्दल त्यांनी आपणहून विचारलं आणि तालमीच्या हॉलमध्ये लाकडी जमीन आहे हे आधीच सांगितलं. मी लिहिलं नसतं तर हे बोलणं झालंच नसतं आणि मी पहिल्या आठवड्यात फरशीवर दात-ओठ खाऊन तत्कार करत बसले असते.

गेल्या महिन्यात सांगलीला कार्यक्रम होता. आयोजकांनी परिचय मागितला, मी मोठ्या तोऱ्यात नव्या कागदावरून सात ओळी काढून पाठवल्या. संध्याकाळी निवेदिकेचा फोन. “ताई, छान आहे, पण तबला लागेपर्यंत पुरणार नाही हो. जरा मोठं काही आहे का?”

जुनी फाइल शोधली आणि चारही पानं पाठवून दिली.