रुपयाला दोन घरं, किलोला तीन

नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. मी तेव्हा पहिलीत होतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे हे कुठे पाठ होतंय, तोच रुपयाचे शंभर पैसे झाले. १९५९ साली चौथीत गेलो, तेव्हाही गावात जुनी-नवी दोन्ही नाणी चालत होती. आमचं किराणा दुकान होतं. संध्याकाळी पाढ्यांचा परवचा म्हणून झाला की मी वडिलांशेजारी गल्ल्यावर बसायचो. गिऱ्हाईक आण्यांत मागायचं आणि आम्ही पैशांत घ्यायचो.

आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून ठरलेला तक्ता होता: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. गुरुजींनी तो नुसता पाठ करून घेतला नाही. त्यांनी विचारलं, “एका बाईने सकाळी तीन आण्यांचं तेल नेलं, संध्याकाळी तीन आण्यांचा गूळ. दुसरीने एकदमच सहा आण्यांचा माल नेला. दोघींनी सारखेच पैसे दिले का?” पहिलीचे ३८ झाले. दुसरीचे साडेसदतीस, त्यातला अर्धा सोडायचा, म्हणून ३७. तो एक पैसा कुठून आला हे शोधण्यात आमचा अख्खा तास गेला. गणितात माणसं असतात हे मला त्या तासाला कळलं.

त्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. शेजारच्या आजींची उधारी पाच रुपये पाच पैसे होती. मी वहीत ५.५ लिहिलं. महिनाअखेरीला वडिलांनी ते साडेपाच वाचलं आणि तेवढे घेतले. आजींना अक्षरओळख नव्हती, पण चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून त्या आपला हिशेब ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “माझ्या रेघा कमी भरतायत रे.” वडिलांनी वही पाहिली, ४५ पैसे परत केले आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाले, “गुरुजींना दाखव.”

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर टिंब काढून पुढे दोन चौकोन आखले. “रुपयाला दोन घरं. पहिल्यात दहा-दहा पैशांचे गट राहतात, दुसऱ्यात सुटे पैसे. गट नसेल तर घर रिकामं राहील, पण ते पाडायचं नाही. शून्याचं कुलूप लावायचं.” म्हणजे ५.०५. मग त्यांनी आणखी एक चौकोन जोडला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजनं टप्प्याटप्प्याने येऊ लागली होती. “किलोला तीन घरं, कारण ग्रॅम हजार.” तीन किलो पन्नास ग्रॅम म्हणजे ३.०५०. पावकी-निमकी, म्हणजे पाव-निम्म्याचे जुने पाढे, तेही त्यांनी सोडले नाहीत. पाव म्हणजे .२५, निम्मे .५०, पाऊण .७५. आजोबांच्या तोंडची पाऊणकी माझ्या वहीत अशी उतरली.

मापनाचा धडा त्यांनी व्हरांड्यात घेतला. मी विचारलं होतं, वार जाऊन मीटर आले तर आईच्या नऊवारीचं काय? त्यांनी घरून लुगडं आणायला लावलं. आईने धुतलेलं, घडी घातलेलं दिलं. आम्ही चौघांनी ते पताकेसारखं ताणून धरलं आणि टेप लावली. वार ०.९१४४ मीटरचा, नऊ वार म्हणजे ८.२२९६, जवळपास ८ मीटर २३ सेंटिमीटर. टेपवर चार बोटं कमी भरलं. गुरुजी म्हणाले, धुण्यात आटलं असेल, तेही लिहा. मी लिहिलं.

पुढे छत्तीस वर्षं बँकेत आकडे लिहिले. पण त्याआधी बरीच वर्षं आजी दुकानात आल्या की उधारी मीच लिहावी असा त्यांचा आग्रह असायचा. मी लिहून झालं की त्या वहीवर वाकून, अक्षर कळत नसलं तरी, टिंबापुढे बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, “कुलूप लावलंस ना?”