भूगोलाच्या बाई आणि पत्र्याचा ट्रे

स्मरणिकेसाठी चार ओळी मागणारं पत्र आलं आणि शाळेच्याही आधी भूगोलाच्या बाईच डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. इतर शिक्षकांनी रागावू नये, पण मी बाईंबद्दलच लिहिणार.

नववीच्या सहामाहीत मी सागरतळाची आकृती काढली होती. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान, सगळं जागच्या जागी. त्यावर गाळाचा एकसारख्या जाडीचा तपकिरी पट्टा रंगवला. बाईंनी लाल शाईने शेरा दिला : 'गाळ म्हणजे पांघरूण नव्हे. मधल्या सुट्टीत भेट.'

त्यांनी पत्र्याच्या ट्रेत दगड मांडले, एका कडेला फुटकी पाटी तिरकी टेकवली आणि पाटीवरून गढूळ पाणी सोडलं. घंटा झाली तरी पाणी निवळेपर्यंत मला उठू दिलं नाही. जाड वाळू उताराच्या पायथ्याशी थबकली होती, मऊ चिखल खोलगटात साचला होता आणि दगडांचे माथे जवळजवळ कोरडेच. मग बाईंनी १९२९ सालची हकीकत सांगितली. कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ समुद्रात भूकंप झाला, उतारावरचा गाळ घसरला आणि तळावरच्या तारायंत्राच्या केबली वरून खाली एकेक करून कित्येक तास तुटत गेल्या. गाळ धावतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आज मी सागरतळाच्या सर्वेक्षणाचं काम करतो. एकदा सागरी टेकाडाच्या माथ्यावर गाळाचा नमुना घ्यायची नळी सोडली, ती वाकून रिकामी वर आली. प्रवाहांनी माथा झाडून नेलेला, खाली नुसता खडक. पुढची नळी मी शेजारच्या खोलगटात सोडायला लावली आणि ती काठोकाठ भरून आली. सागरी पर्वतरांगांच्या उंच भागांवर सूक्ष्म जीवांच्या कवचांचा पांढरा, चुनामय चिखल सापडतो. सर्वसाधारणपणे चार-पाच हजार मीटरच्या खाली मात्र चुना विरघळून जातो, उरते ती तांबडी चिकणमाती. तिचा जेमतेम मिलिमीटरभर थर साचायला हजार वर्षं लागतात! असा नमुना हातात आला की बाईंना दाखवावासा वाटतो. त्या आता नाहीत.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. भूगोलाच्या खोलीत संगणक आलेत, ते यायलाच हवेत. पण कोपऱ्यातलं कपाट आणि त्यातला तो ट्रे दिसला नाही. कुणाकडे असेल तर कृपया कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.