‘परत जा’ या वाक्याविरुद्ध आमच्या गावाचा ठराव

१४ जुलै २०१९ च्या रविवारी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, काही महिला सदस्यांना ट्विटरवरून सुनावलं की ज्या गुन्हेगारीने पोखरलेल्या ठिकाणांहून आलात, तिथे परत जा आणि आधी ती सुधारा. रोख चौघींवर होता. त्यांपैकी अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ, अयाना प्रेस्ली आणि रशिदा तलैब यांचा जन्मच अमेरिकेतला. इल्हान ओमर सोमालियातून निर्वासित म्हणून आलेल्या आणि रीतसर नागरिक झालेल्या. मीसुद्धा हात वर करून शपथ घेतलेली नागरिक आहे. ते वाक्य मला फार लागलं.

मंगळवारी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधीगृहात, निषेधाचा ठराव आला. मांडणारे टॉम मॅलिनोव्स्की न्यू जर्सीचे, आमच्याच मतदारसंघाचे, आणि जन्माने पोलंडचे. मी टीव्हीसमोरून हलले नाही. सभापती नॅन्सी पेलोसींनी अध्यक्षांची विधानं वर्णद्वेषी असल्याचं म्हणताच त्यांचे शब्द नियमबाह्य असल्याची हरकत आली. वाद इतका चिघळला की पीठासीन असलेले इमॅन्युएल क्लीव्हर आसन सोडून निघून गेले. शब्द नियमाबाहेरचे ठरले, तरी ते कामकाजातून काढायला सभागृहाने नकार दिला. चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल म्हणाल्या की ‘परत जा’ आपण पहिल्यांदा ऐकत नाही, पण व्हाइट हाउसमधून पहिल्यांदाच ऐकतोय. ठराव २४० विरुद्ध १८७ मतांनी संमत झाला; ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या चार सदस्यांनी बाजूने मत दिलं.

असा ठराव एकाच सभागृहाचा असतो. तो सिनेटकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे, जात नाही, अध्यक्षांच्या सहीलाही जात नाही. त्याने कुणाला शिक्षा होत नाही. पण कोण कुठे उभं राहिलं ते नावानिशी कायमचं नोंदलं जातं, आणि मला तेच हवं होतं. दुसऱ्याच रात्री नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या सभेत ओमर यांच्याबद्दल ‘तिला परत पाठवा’ अशा घोषणा झाल्या, तेव्हा आपल्या टाउनशिप कौन्सिलनेही, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळानेही, बोलायला हवं हे मी मनाशी पक्कं केलं.

मराठी मंडळातल्या एका काकांनी आधीच सांगितलं, “आपण कामाशी काम ठेवावं. कशाला नजरेत यायचं?” त्यांची भीती खोटी नव्हती. कौन्सिलच्या सभेत जनतेला बोलायला वेळ मिळतो खरा, पण माइकसमोर आधी नाव आणि घरचा पत्ता सांगावा लागतो. तो इतिवृत्तात जातो, रेकॉर्डिंगमध्ये जातो. याच अटीपायी कितीतरी जणांनी पाय मागे घेतला.

मसुदा करणं सोपं होतं. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी कलमं आणि शेवटी ‘त्याअर्थी’. कौन्सिलचं दप्तर सांभाळणाऱ्या क्लर्कने तो नमुना दिला आणि हेही सांगितलं की कौन्सिलचा एखादा सदस्य मांडायला तयार नसेल तर विषय अजेंड्यावर येतच नाही. एक सदस्या तयार झाल्या. खरी ओढाताण पुढे झाली. काहींचं म्हणणं, आमचं काम रस्ते आणि गटारं, राष्ट्रीय राजकारण नव्हे. मग तडजोड सुचवली गेली: ‘सर्व प्रकारच्या द्वेषाचा निषेध’ एवढंच लिहू, अध्यक्षांचं नाव नको, ते वाक्यही नको. मी अजिबात मानले नाही. कुणी, कधी, काय म्हटलं हे गाळलं तर निषेध कशाचा करायचा? तसल्या ठरावावर तर ते वाक्य बोलणाराही सही करेल.

सभेच्या रात्री काका आले नाहीत, काकू आल्या. बोलण्याच्या जागेवर हिरवा-पिवळा-लाल दिवा असतो; तीन मिनिटं संपली की लाल. काकूंनी घडी घातलेला कागद उघडला, आधी घर नंबर, मग रस्त्याचं नाव मोठ्याने वाचलं. आवाज कापत होता. पेट्रोल पंपावर त्यांना एकाने ‘गो बॅक’ म्हटलं होतं आणि ते त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. दिवा लाल झाला तरी अध्यक्षस्थानी असलेल्यांनी त्यांना थांबवलं नाही.

ठराव नावासकट, तारखेसकट आणि त्या वाक्यासकट संमत झाला. विरोधात कुणी मत दिलं नाही. दोघे तटस्थ राहिले. क्लर्कने शिक्का मारून एक प्रत व्हाइट हाउसला आणि एक मॅलिनोव्स्कींच्या कार्यालयात पाठवली.

तटस्थ राहिलेल्यांपैकी एक जण पुढच्या निवडणुकीत मतं मागायला आमच्या दारी आले. मी त्यांना घरात बोलावलं, इतिवृत्ताची प्रत पुढे ठेवली आणि विचारलं, “त्या रात्री तुम्ही गप्प का बसलात?” “विषय आपल्या अखत्यारीतला नव्हता,” ते म्हणाले. मी म्हटलं, काकूंनी सांगितलेला पत्ता तुमच्याच हद्दीतला होता. माझं मत त्यांना गेलं नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.