पंधरा किलोत सहाजण

पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहत आहे, तिथे माझं रेशन दुकान. धान्य आलं की सकाळपासून रांग आणि दिवसभर एकच प्रश्न, किती युनिट? युनिट म्हणजे कार्डावर चढलेलं एक माणूस. एका युनिटला महिन्याला पाच किलो गहू-तांदूळ. २०२३ पासून फुकट. अंत्योदयवाल्यांचं, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांचं, वेगळं, त्यांना कार्डावर सरसकट पस्तीस किलो.

त्या दिवशी एक बाई आली, काखेत वर्षाचं पोर, मागे सासू. मशीनवर अंगठा लावला. तीन युनिट. म्हणजे पंधरा किलो.

"दादा, घरात सहाजण आहोत आता. पोरांची नावं कधी चढणार?"

तिचं स्वतःचं नावसुद्धा नणंद लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या जागी चढलेलं. मी नेहमीचं उत्तर दिलं. इष्टांक, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा आकडा, भरलाय, कुणाचं नाव कमी झालं तरच जागा होते.

सासू पुढे आली. "मग माझं काढ की. मी जाते गावाला. ह्याचं घाल."

चिडून नाही, भाव करावा तसं म्हणाली. रांगेतलं कुणीतरी हसलं. सुनेने मान वर केली नाही, पण "नको" असंही म्हणाली नाही. मला राग आला, पण तिच्यावर कसा धरणार? पंधरा किलोत सहाजणांचा महिना निघत नाही. उरलेलं किराणा दुकानातून, तेही उधारीवर.

बी.ए.ला आम्हाला माल्थस हा इंग्रज अर्थतज्ज्ञ होता. १७९८ साली त्याने मांडलं की माणसं भूमिती श्रेणीने वाढतात आणि अन्न गणिती श्रेणीने, म्हणून उपासमार ठरलेली. आपल्याकडे तर उलटंच झालं. १९५१ मध्ये छत्तीस कोटी लोक होते, धान्य पाच कोटी टन. आता माणसं चौपट झाली आणि धान्य सहापटीच्याही वर गेलं. गोदामं भरलेली असतात, हे पोती उतरवून घेणाऱ्याला कुणी सांगायला नको. अडलंय ते यादीत. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यातली माणसं २०११ च्या जनगणनेवरून धरलेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता म्हणे २०२७ ला. मधल्या काळात जन्मलेली पोरं जेवतात, पण सरकारी हिशोबात बसत नाहीत. आणि गरिबाला कुणीही सुनावतं, पोरं कशाला एवढी!

म्हातारीला म्हटलं, "आजी, नाव काढणं सोपं आहे. पण रिकामी झालेली जागा तुमच्याच नातवाला मिळेल, हे मी कशाच्या जोरावर सांगू?"

"मग राहू दे," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड धरून उभी राहिली. वर मूठभर जास्त टाक म्हणाली. काट्याशी मशीन जोडलेलं, कुठून टाकणार?

नाव कमी करायचा फॉर्म मी दिला नाही. वाढवायचा दिला, तिन्ही पोरांचा. धाकट्याचं आधार अजून काढलेलं नव्हतं. ते आधी काढून आण, जन्मदाखला घेऊन जा, असं सांगून पुढच्याला बोलावलं.