डोळे मोठे कसे दिसतील? तुम्ही विचारलंत म्हणून

मालवणात पार्लर चालवते, त्यामुळे हा प्रश्न मला बारा महिने ऐकू येतो. एप्रिल-मे लागला, मुंबईचे चाकरमानी गावाला आले आणि लग्नांचे मुहूर्त सुरू झाले की तर रोजच. नवरी खुर्चीत बसते, आरशात बघते आणि हळूच म्हणते, "ताई, माझे डोळे बारीक आहेत. मोठे दिसतील असं करा ना, पण मेकअप थापलाय असं वाटायला नको." कॉलेजातल्या मुली फोन करून विचारतात, परवा एका मुलीची आईही विचारत होती. खुर्चीत बसलेलीला करून दाखवता येतं, फोनवर मात्र उत्तर अर्धंच राहतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मोठ्या माणसाचा नेत्रगोल जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो, साधारण २४ मिलिमीटरचा. बुबुळही साधारण ११ ते १२ मिलिमीटर. फरक असतो तो दोन पापण्यांमधून किती डोळा दिसतो त्याचा. वरची पापणी बुबुळाचा एक-दोन मिलिमीटर भाग एरवीही झाकतेच. ती जरा जड असली, खाली सूज असली, पापण्यांचे केस सरळ खाली वळलेले असले की तोच डोळा बारीक वाटायला लागतो. म्हणजे डोळा लहान नाही, झाकलेला आहे. तो उघडा कसा करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आता काजळ. आपल्याकडे नवरीला सजवताना खोलीत एखादी काकी असतेच, आणि ती सांगतेच, "काजळ भरून घाल गो, डोळे उठान दिसतले." ज्यांचे डोळे मुळात टपोरे आहेत त्यांना हे शंभर टक्के लागू पडतं. त्या डोळ्यांत भरलेलं काजळ मला स्वतःला फार आवडतं. पण बारीक डोळ्यांच्या मुलीने खालच्या कडेला, आतून, काळं भरलं की डोळा तिथेच संपतो. खालची ओलसर गुलाबी कड बघणाऱ्याच्या नजरेला डोळ्याचाच भाग वाटत असते. ती काळी केली की तेवढा डोळा वजा होतो. दोन्ही कडा काळ्या केल्या तर उरते फक्त फट.

मग रेघ ओढल्याने डोळा मोठा दिसतो हे खोटं का? नाही. ती कुठे ओढता यावर सगळं आहे. डेल्बफ नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये एक दृष्टिभ्रम दाखवून दिला होता. एका वर्तुळाभोवती अगदी लगटून दुसरं वर्तुळ काढलं तर आतलं आहे त्याहून मोठं भासतं, आणि बाहेरचं फार मोठं काढलं तर तेच आतलं लहान भासतं. डोळ्याच्या मेकअपमध्ये हेच घडतं. २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी आयलायनर, मस्कारा आणि आयशॅडो यांनी डोळा किती मोठा भासतो याची मोजणीसुद्धा प्रसिद्ध केली. रेघ पापणीच्या केसांच्या मुळाशी चिकटून, बारीक असेल तर डोळा मोठा भासतो. तीच जाड झाली, पसरली की नजर काळ्यावर अडकते आणि डोळा आत जातो.

म्हणून माझं पहिलं काम असतं काळा रंग खालून उचलून वर नेण्याचं. नवरीच्या हातात छोटा आरसा देते आणि तो हनुवटीच्या खाली धरायला सांगते. ती खाली आरशात बघते, तेव्हा वरची पापणी आपोआप ताणली जाते, बोटाने ओढावी लागत नाही. मग टोकदार वॉटरप्रूफ पेन्सिलने केसांच्या मधल्या रिकाम्या जागेत नुसते ठिपके देत जायचं. रेघ अशी ओढायचीच नाही. डोळा उघडला की रेघ दिसत नाही, फक्त पापणीचे केस दाट वाटतात. पार्लरमध्ये याला टाइटलायनिंग म्हणतात. मला एकच गोष्ट करायला मिळणार असेल तर मी हीच करीन.

त्याच्या बरोबरीची दुसरी वस्तू म्हणजे लॅश कर्लर, पापण्यांचे केस वर वळवायचा चिमटा. मुली त्याला घाबरतात, पण नीट वापरला तर दुखत नाही. मस्कारा लावायच्या आधी, केसांच्या मुळाशी धरून, हलका दाब देत काही सेकंद थांबायचं. मस्कारा लावल्यावर कर्लर लावला तर केस चिकटून तुटतात. सरळ खाली आलेले केस बुबुळावर सावली पाडत असतात. ते वर उचलले की डोळ्यात उजेड जातो. त्यावर वॉटरप्रूफ मस्कारा, मुळाशी ब्रश थोडा आडवा हलवून मग वर. डोळा गोल दिसायला हवा असेल तर मधल्या केसांना जास्त, लांब हवा असेल तर बाहेरच्या.

खालच्या कडेला काळ्याऐवजी नूड, म्हणजे त्वचेच्या रंगाची पेन्सिल लावा. पांढरीफेक मात्र नको. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ती फ्लॅशच्या फोटोत खडूसारखी उठून दिसते. आपल्या त्वचेपेक्षा एखाद-दोन छटा उजळ, किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेली घ्या. ज्यांना काजळाशिवाय चुकल्यासारखं वाटतं त्यांनी खालच्या केसांच्या बाहेरून, फक्त कानाकडच्या एक तृतीयांश भागात तपकिरी रंग बोटाने पुसून लावावा. काजळ लावल्याचं समाधानही मिळतं आणि डोळा बंदही होत नाही.

पापणीची घडी डोळ्यावर उतरलेली असते त्या मुलींची तक्रार असते की आयशॅडो लावलेला दिसतच नाही. दिसणार कसा? डोळा मिटून लावलेला रंग डोळा उघडल्यावर घडीत गडप होतो. डोळे उघडे ठेवून सरळ समोर बघा आणि घडीच्या किंचित वर मॅट तपकिरी रंगाची सावली द्या. चमक हवी तर पापणीच्या मधोमध आणि नाकाकडच्या कोपऱ्यात, ठिपक्याएवढीच. भुवया कोरून धाग्याएवढ्या करू नका. खालून सुटे केस काढले की भुवई आणि पापणीच्या मधली जागा मोकळी होते, तेवढं पुरे.

डोळ्यांखालच्या काळेपणाबद्दल थोडक्यात. आपल्या रंगावर नुसता उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, राखाडी दिसतो. आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात, मग कन्सीलर, तोही नाकाजवळच्या खळग्यातच. आणि सूज असेल तर यातलं काहीही चालत नाही. हळदीच्या रात्री सुकी मासळी, पापड, लोणचं असा बेत झाला आणि जागरण झालं, की खारटामुळे सकाळी डोळे फुगलेले असतात. मी नवरीच्या आईला आदल्या दिवशी सांगून ठेवते. डोक्याखाली एक उशी जास्त आणि सकाळी थंड पाण्याच्या कपड्याची घडी डोळ्यांवर.

आता आपल्या किनाऱ्याचा खास त्रास. इथल्या दमट हवेत पापणी तासाभरात तेलकट होते आणि रेघ घडीत उमटते. म्हणून पापणीवर क्रीम लावायचं नाही. मेकअप टिकावा म्हणून आधी लावतात तो प्रायमर आणि त्यावर चिमूटभर ट्रान्सलूसंट, म्हणजे रंग न दिसणारी पावडर. नवरीला मी माजघरात कधीच बसवत नाही, खळ्यात, म्हणजे अंगणात, किंवा पडवीच्या तोंडाशी उजेडाकडे तोंड करून बसवते. मांडवाच्या रंगीत कापडाखाली चेहऱ्याचा रंगच बदलतो. तिथे बघून केलेला मेकअप फोटोत भलताच निघतो.

मुंडावळ्यांचाही विचार करावा लागतो, आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत ते कोणी सांगत नाही. मुंडावळ्यांच्या लडी दोन्ही कानशिलांवरून डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी लोंबतात. तिथे काढलेलं रेघेचं लांब शेपूट एक तर झाकलं जातं, नाहीतर मोत्यांच्या घासण्याने पसरतं. नवरीच्या डोळ्याची सगळी मेहनत मधल्या भागात आणि नाकाकडच्या कोपऱ्यात करायची. शिवाय लाजाहोमाचा धूर असतो, पाठवणीचं रडणं असतं. डोळ्यातून पाणी येणारच. खालची कड काळी नसली तर गालावर काही ओघळत नाही. नवरीच्या पर्समध्ये कानकाडी ठेवते आणि सांगते, पुसायचं नाही, टिपायचं.

कधी कधी मुली विचारतात, मग दशावतारातल्या, आपल्या कोकणच्या रात्रभराच्या नाटकातल्या, स्त्रीपार्टी म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या नटांचे डोळे एवढे मोठे कसे दिसतात? मी देवळाच्या पडवीत त्यांना रंगताना तासन् तास बघितलं आहे आणि त्यांच्या हाताबद्दल मला अतोनात आदर आहे. छोट्या आरशात बघत स्वतःचाच चेहरा ते असा रंगवतात की रात्रभर टिकतो. पण ते डोळे जत्रेत शेवटच्या रांगेत चटईवर बसलेल्या आजीला दिसावेत म्हणून काढलेले असतात. रेघ भुवईच्या टोकापर्यंत जाते, लांबून तीच डोळ्याची कड वाटते. नवरीला मात्र लोक हातभर अंतरावरून बघणार. तिथे तीच रेघ रेघच दिसते. तंत्र तेच, अंतर वेगळं.

चष्मेवाल्यांसाठी: उणे नंबरच्या काचेमागे डोळा लहान दिसतो, म्हणून त्यांनी मस्कारा आणि नूड पेन्सिलीवर भर द्यावा. अधिक नंबरच्या काचेमागे सगळंच मोठं दिसतं, चिकटलेले केससुद्धा, तेव्हा हात हलका ठेवावा. लेन्स लावणाऱ्यांनी लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप पुसायच्या आधी काढावी.

काही गोष्टी मी कितीही आग्रह झाला तरी करत नाही. एकीची पेन्सिल दुसरीच्या डोळ्याला लावत नाही. सुरमा वापरत नाही, कारण बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं असतं. दिव्यावर धरलेलं घरचं काजळ बाळाच्या डोळ्यांत घालायला कोणी विचारलं तर स्पष्ट नको म्हणते. डोळ्याच्या आतल्या कडेवर बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात, तिथे रोज रोज रंग भरला तर ती बुजतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. म्हणून आतल्या कडेची पेन्सिल, नूडसुद्धा, लग्नाकार्यापुरती. रोज कॉलेजला जाताना कर्लर आणि मस्काराच पुरतो. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्या, संपला नसला तरी. आणि एकच पापणी अचानक खाली आली असेल तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा.

घरी करून बघायचं असेल तर आधी फक्त कर्लर घ्या. एका डोळ्याला लावा, दुसऱ्याला लावू नका आणि दारात उजेडाला उभं राहून आरसा धरा. फरक पटला तर मग पेन्सिल. रात्री मेकअप काढताना कापसावर थोडं खोबरेल घेऊन मिटलेल्या पापणीवर जरा वेळ ठेवा, रंग सुटला की वरून खाली पुसा आणि मग तोंड धुवा. घासलंत तर पापण्यांचे केस गळतील, आणि मग पुढच्या वेळी मी कर्लर लावू कशाला?