तुम्ही विचारलंत म्हणून: गंमत म्हणून अर्ज केला, बोलावणं आलं, आता काय?

"सहज म्हणून 'अलोन'चा अर्ज भरला होता, आणि खरंच बोलावणं आलंय. तयारी कुठून सुरू करू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो, बहुतेक वेळा कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुलामुलींकडून. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुरी, धनुष्यबाण आणि झोपडी असते. माझं उत्तर दर वेळी एकच: पोटापासून सुरू करा.

हिस्टरी वाहिनीवर 2015 पासून चालणाऱ्या या स्पर्धेत साधारण दहा जणांना एकमेकांपासून दूर, निर्जन मुलखात सोडतात. ठरलेल्या यादीतल्या दहा वस्तू न्यायच्या, चित्रीकरण स्वतःच करायचं आणि नको झालं की सॅटेलाइट फोन करून निघायचं. शेवटी उरेल तो जिंकला. बक्षीस बहुतेक पर्वांत 5 लाख डॉलर.

पहिला फोन म्हणजे निवड नव्हे, हे आधी घरच्यांना सांगा. पुढे मुलाखती, वैद्यकीय तपासणी, मानसिक तपासणी आणि कौशल्यांची परीक्षा असते. नोकरीचा राजीनामा एवढ्यात देऊ नका.

आता हिशोब. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. थंडीत लाकूड फोडणारा, पाणी वाहणारा माणूस दिवसाला 2,500 ते 3,000 कॅलरी सहज जाळतो. बाहेरून रोज 500 मिळाल्या, तरी 2,000 ची तूट राहते, म्हणजे चार दिवसांत एक किलो चरबी. 10 किलो जास्तीची चरबी अंगावर घेऊन गेलात तर 38-39 दिवसांची बेगमी झाली. इतका भरवसा कुठल्याच गळाचा किंवा फासाचा देता येत नाही. तीन महिन्यांत 10 किलो वाढवायला रोज साधारण 850 कॅलरी जास्त खाव्या लागतात: तूप, शेंगदाणे, सुकं खोबरं, लोणी. साखर, रक्तदाब तपासून, डॉक्टरांना सांगूनच हे करा, आणि सोबत पाठीवर ओझं घेऊन रोज चाला. नाहीतर वजन वाढतं, पण ते वाहणारे पाय तयार होत नाहीत.

चहा-कॉफी महिनाभर आधीपासून कमी करत बंद करा. कॅफीन एकदम तुटलं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, आणि ते आठवडाभरही चालू शकतं. निवारा बांधायचे, म्हणजे सगळ्यात मोलाचे दिवस त्यात जातात. दाताच्या डॉक्टरकडेही जाऊन या. किडका दात तिथे रात्री ठणकू लागला तर त्यावर इलाज नाही.

अंगावरची शिल्लक इतकी महत्त्वाची का, ते तिसऱ्या पर्वात दिसलं. दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात कार्ली फेअरचाइल्ड 86 दिवस टिकल्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 17 च्या खाली गेला म्हणून वैद्यकीय पथकाने त्यांना बाहेर काढलं, आणि 87 दिवसांवर झॅकरी फाउलर जिंकले. त्या स्वतःहून निघाल्या नव्हत्या. मन खंबीर होतं, शरीरातली शिल्लक संपली होती.

"पण मी ससे पकडेन" असं अनेक जण म्हणतात. उत्तर कॅनडातला ससा दीड किलोच्या आसपास, त्याचं मांस फार तर 700 ग्रॅम. त्यातून जेमतेम 800 कॅलरी मिळतात आणि दीडशे ग्रॅम प्रथिनं. चरबी नावालाच. माणसाचं यकृत दिवसाला सुमारे 200 ते 300 ग्रॅमच प्रथिनं पचवू शकतं. म्हणजे दोन सशांवर तुमची हद्द संपली, आणि पदरात पडल्या फक्त 1,600 कॅलरी. त्याहून जास्त नुसतं कोरडं मांस खात राहिलात तर मळमळ, जुलाब आणि न भागणारी भूक सुरू होते. म्हणून चरबी जिथे आहे तिथे जा: लेक ट्राउटसारखा तेलकट मासा, त्याचं डोकं, आतड्यांभोवतीची चरबी, पाण्याकाठी राहणाऱ्या बीव्हर या प्राण्याची शेपटी. सहाव्या पर्वात उत्तर कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह लेकच्या काठी जॉर्डन जोनस यांनी बाणाने मूस, म्हणजे तिकडचं अजस्र हरीण, मारला, पण त्याची चरबी वुल्व्हरीन नावाच्या मांसाहारी प्राण्याने पळवली. मांसाचा ढीग असतानाही ती चोरी जिवाला लागणारी होती. ते 77 दिवसांवर जिंकले. मोठी शिकार मिळाली की आधी चरबी कापा, वितळवून भांड्यात साठवा, मग मांसाकडे वळा.

दहा वस्तूंत स्लीपिंग बॅग, भांडं, फेरो रॉड (घासून ठिणग्या पाडायची कांडी), कुऱ्हाड, करवत, मल्टिटूल आणि फासाची तार यांबद्दल माझ्या मनात शंका नाही. गळाचा दोरा-आकडेही घ्याच: 300 यार्ड दोरा, 25 आकडे. धनुष्याबरोबर नऊ बाण मिळतात, पण पंधरा मीटरवरून पाचही बाण जेवणाच्या ताटात बसत नसतील तर धनुष्य नेऊ नका, त्या जागी मासे धरायचं जाळं न्या. जाळं तुम्ही झोपलेले असताना काम करतं. ओढा तळ्याला मिळतो तिथे, काठाला काटकोनात लावा. पाणी गोठायला लागायच्या आत त्याची जागा ठरवून ठेवा, कारण बर्फात अडकलेलं जाळं सोडवताना फाटतं.

फासाचं माप लक्षात ठेवा: सशासाठी फासाचा व्यास साधारण 10 सेंटीमीटर, खालची कड जमिनीपासून चार बोटं वर. पाच फास लावून वाट बघण्यात अर्थ नाही. वीस-तीस लावा, तेही ताज्या लेंड्या आणि कुरतडलेल्या फांद्या दिसतील त्या वाटेवरच. भारतात मात्र हे करून बघायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार फास लावून प्राणी पकडणं ही शिकारच आहे, आणि ती गुन्हा आहे. अंगणात तार वळून माप हातात बसवा, तेवढं पुरे.

आग पेटवण्याचा सराव मात्र सह्याद्रीत उत्तम होतो, आणि तोही आषाढात, मुसळधार पावसात. पहिलं, दुसरं आणि चौथं पर्व झालं तो कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाचा किनारा असाच निथळणारा आहे. जमिनीवर पडलेलं लाकूड सोडा. उभं वाळलेलं मनगटाएवढं खोड कापा, उभं चिरा, आतला कोरडा गाभा काढा आणि त्याचे काडीपेटीच्या काडीएवढे तुकडे मूठभर तयार झाल्याशिवाय ठिणगी पाडू नका. आग विझते ती बहुतेक वेळा बारीक काड्या कमी पडल्यामुळे. तिकडे बर्च झाडाची साल मिळाली तर साठवा, तिच्यातल्या तेलामुळे ती ओलीसुद्धा पेटते.

फेरो रॉडला भडक रंगाची दोरी बांधा आणि तो गळ्यात ठेवा. पहिल्या पर्वात एका स्पर्धकाचा रॉड हरवला आणि चौथ्या दिवशी त्याला निघावं लागलं. दुसऱ्या पर्वात एकीचा हात कुऱ्हाडीने कापला, सातव्या दिवशी तीही बाहेर. छोटी कुऱ्हाड गुडघे टेकून चालवा म्हणजे हुकलेला घाव मातीत जातो, पायात नाही. अंधार पडल्यावर, आणि भुकेने हात थरथरत असताना ती उचलूच नका.

कॅमेऱ्याचा विचार कुणी करत नाही. तुम्ही दूर चालत जाताना दिसायचं असेल तर कॅमेरा लावा, चालत जा, परत येऊन तो उचला आणि पुन्हा तेच अंतर चाला. एका वाटेचे तीन फेरे, आणि तेही उपाशी पोटी. घरी महिनाभर प्रत्येक काम चित्रित करत करा. थंडीत बॅटऱ्या रात्री अंथरुणात घ्या. कॅमेरा मात्र ऊबेत आणू नका, भिंगावर दव धरतं.

घरचं लिहून ठेवा: हप्ते, विमा, वीजबिल कोण भरणार, सह्यांचे अधिकार कुणाला. घरात कुणी गंभीर आजारी पडलं तर तुम्हाला कळवायचं की नाही, हे जोडीदाराबरोबर आधी बोला. निरोप कसा पोहोचेल, ते करारावर सही करण्यापूर्वी आयोजकांना विचारून लेखी घ्या. चांगले पट्टीचे लोक खूपदा भुकेआधी घरच्या काळजीने निघतात.

आणि परतल्यावर आईला ताट वाढू देऊ नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम गोड किंवा भात-पोळी खाल्ली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. त्यात हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. ज्यांचं वजन फार घटलं आहे त्यांना डॉक्टर आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) देतात, आणि सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला फार तर 10 कॅलरी. 60 किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी 600, मग रोज रक्त तपासत चार ते सात दिवसांत पूर्ण आहार. पुरणपोळीचा बेत दोन आठवडे पुढे ढकला, आणि हे आईला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.